पॅडल थरथरलं तरी पाय उचलू नका

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे रोह्यांचे कळप रात्री शेतात उतरतात आणि उजाडायच्या आत रस्ता ओलांडून माघारी जातात. अशाच एका पहाटे आम्ही कारंज्याहून मंगरूळपीरला येत होतो. गाडी माझा भाचा चालवत होता, वेग सत्तरच्या आसपास. उजवीकडच्या तुरीतून एक नर रोही उसळी मारून थेट रस्त्यावर आला. भाच्यानं ब्रेक दाबला, चांगला जोर लावून दाबला. पायाखाली खडखड झाली, पॅडल कुणीतरी खालून ढकलल्यासारखं थरथरलं, आणि त्यानं दचकून पाय उचलला. गाडी पुन्हा सुटली. रोही दोन ढांगांत पलीकडे गेला म्हणून आम्ही वाचलो. पूर्ण वाढलेला नर दोन-अडीच क्विंटलचा असतो. तो काचेतून आत आला की पुढे बसलेल्यांचं काय होतं, हे या भागात बऱ्याच घरांना ठाऊक आहे.

"मामा, ब्रेकमध्ये काहीतरी तुटलं," भाचा घाम पुसत म्हणाला. दुसऱ्या दिवशी मिस्तरीनं गाडी वर घेतली, चारही चाकं फिरवून पाहिली, खाली वाकून नळ्या तपासल्या आणि म्हणाला, "तुटलं काहीच नाही, भाऊ. हे एबीएस हाय. ते असंच थरथरते. तुम्ही पाय काउन उचलला?"

भाच्याजवळ उत्तर नव्हतं. गाडी घेताना त्याला गाण्यांची यंत्रणा फोनला कशी जोडायची ते अर्धा तास दाखवलं होतं, ब्रेकविषयी कुणी शब्द काढला नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ब्रेक हळू दाबायला शिकवलं, करकचून दाबायची वेळ आली तर काय होईल ते शिकवलं नाही. त्यानंतर मी ओळखीच्या अनेक चालकांना हाच प्रश्न विचारत गेलो. ज्यांना कधी एबीएसचा झटका बसला होता, त्यांतल्या बहुतेकांनी पाय उचलल्याचं कबूल केलं. जीव वाचवायला बसवलेली वस्तू काम करू लागते नेमक्या त्या क्षणी आपण तिला बंद करतो. माझ्या मते आपल्याकडच्या वाहन-शिक्षणातलं हे सगळ्यात मोठं भोक आहे, आणि ते बुजवायला एक रुपयाही लागत नाही.

एबीएस करतं काय, हे समजायला आधी टायर समजून घ्यावा लागतो. एवढी टनभराची गाडी जमिनीला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण हाताच्या पंजाएवढं. गाडी थांबवायची, वळवायची, पळवायची सगळी ताकद या चार पंजांतून येते. चाक फिरत असतं तोवर रबर रस्त्याला धरून असतं. ब्रेक इतका जोरात लागला की चाक जागेवरच थांबलं, म्हणजे आपल्या भाषेत 'लॉक झालं', की रबर घासत पुढे जातं आणि पकड कमी होते. पैनगंगेच्या शेवाळलेल्या दगडावर पाय घसरायला लागल्यावर माणसाला दिशा बदलता येत नाही, तसंच या चाकाचं होतं. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. ब्रेकची सगळ्यात जास्त पकड मिळते ती चाक फिरता फिरता किंचितसं, साधारण दहा ते वीस टक्के, घसरत असताना. या अरुंद पट्ट्यात चाकाला धरून ठेवणं भेदरलेल्या माणसाच्या पायाला जमत नाही.

ते काम एबीएस करतं. चाकाजवळ एक सेन्सर चाक किती वेगानं फिरतंय ते सतत मोजतो. एखादं चाक गाडीच्या मानानं एकदम मंदावलं की यंत्रणा त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सैल करते, चाक फिरू लागलं की पुन्हा वाढवते. हे एका सेकंदात अनेकदा चालतं. पायाला जाणवते ती थरथर आणि कानाला ऐकू येते ती खडखड म्हणजे या झडपांची उघडझाप. म्हणून तो आवाज आला की समजायचं, चाकं लॉक व्हायला निघाली होती आणि यंत्रणेनं त्यांना धरून ठेवलंय. त्या वेळी पाय आणखी घट्ट रोवायचा आणि गाडी थांबेपर्यंत, किंवा संकट टळेपर्यंत, तसाच ठेवायचा. क्लचच्या गाडीत क्लचही दाबायचा. आणि नजर जिथे जायचंय तिकडे ठेवायची, कारण हात नजरेच्या मागे जातात. रोह्याकडेच पाहत राहिलो तर गाडी रोह्याकडेच जाते.

जुन्या चालकांना ही गोष्ट पटायला जड जाते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एबीएस नसलेल्या जीपवर ज्यांचा हात बसला, त्यांना ओल्या रस्त्यावर ब्रेक सोड-दाब करायला शिकवलं होतं. त्या गाडीसाठी ते बरोबरच होतं. तीच सोड-दाब एबीएसच्या गाडीत केली की यंत्रणेला धड काम करायला सलग दाबच मिळत नाही. तुमचा पाय सेकंदाला एक-दोनदा जे करेल, ते यंत्र त्याहून कितीतरी वेगानं आणि प्रत्येक चाकाला वेगळं करत असतं.

ही कल्पना तशी जुनी. विमान उतरताना चाकं लॉक होऊन टायर फुटू नयेत म्हणून अशा यंत्रणा आधी विमानांत आल्या. मोटारीत १९७८ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसली. आपल्या रस्त्यांवर ती सर्वसामान्यांच्या गाडीत यायला चाळीस वर्षं गेली. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ती सक्तीची झाली. १२५ सीसी आणि त्याखालच्या दुचाकींना एबीएस किंवा कॉम्बी ब्रेक, यांपैकी एक. म्हणजे वाशिम जिल्ह्यात आज जी स्प्लेंडर, जी स्कूटी धावते आहे, ती नंतरच्या काळातली असेल तर तिच्यात यांतलं काही ना काही आहेच.

दुचाकीचं जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्या जिल्ह्यात घराघराची गाडी तीच आहे. "पुढचा बिरेक दाबू नको, उलटा पडशीन," हे वाक्य प्रत्येक बापानं पोराला सांगितलेलं असतं. त्यामागचा अनुभव खरा आहे. खडीवर पुढचं चाक लॉक झालं की दुचाकी क्षणात आडवी होते. पण ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची ताकदही पुढच्याच चाकात जास्त असते. नुसता मागचा ब्रेक दाबणारा माणूस गाडीची अर्ध्याहून अधिक थांबण्याची क्षमता न वापरताच धडकतो. कॉम्बी ब्रेक याच सवयीवरचा उपाय आहे. मागचा ब्रेक दाबला तरी थोडा जोर आपोआप पुढच्या चाकावर जातो. पण तो चाकाला लॉक होण्यापासून वाचवत नाही, एवढं ध्यानात असू द्या. एबीएसच्या दुचाकीवर दोन्ही ब्रेक एकत्र, चढत्या जोरानं, बिनधास्त दाबावेत. त्यातही बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतं. आपल्या गाडीला काय आहे ते पुस्तिकेत पाहावं. वळणावर गाडी कललेली असताना साधं एबीएस पडण्यापासून वाचवेलच असं नाही. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना.

आता या यंत्रणांची मर्यादा, आणि तीही आपल्या मातीतली. एबीएस पकड तयार करत नाही. रस्ता आणि टायर मिळून जेवढी पकड देतात, तेवढीच ते काटकसरीनं वापरतं. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं ट्रॅक्टर डांबरीवर चढतो आणि मागे शंभर-दोनशे फूट काळ्या मातीचा चिखल पसरवून जातो. कपाशीची ही माती ओली झाली की साबणासारखी. त्या पट्ट्यात जगातली कुठलीही यंत्रणा गाडीला कोरड्या डांबरावरच्यासारखं थांबवू शकणार नाही. दसऱ्याच्या सुमारास रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं असतं. वाहनांच्या चाकांनी शेंगा फुटतात, मळणीचा खर्च वाचतो, हे मला कळतं. शेतकऱ्याची अडचणही कळते. पण डांबरावर सांडलेले सोयाबीनचे दाणे म्हणजे बेअरिंगमधले छर्रे, आणि वरून कुटार. दुचाकीवाल्यानं तिथे ब्रेक लावायचाच नाही, आधीच वेग उतरवून, हँडल सरळ ठेवून जायचं. आणि ज्यांच्या दारात सिमेंटचं खळं आहे, त्यांनी तरी रस्ता मोकळा ठेवावा, ही हात जोडून विनंती.

सैल गिट्टीवर तर उलटंच घडतं. रस्त्याच्या कामावर खडी टाकलेली असते, तिथे लॉक झालेलं चाक खडीत रुतून पुढे ढीग जमवतं आणि त्या ढिगाला अडून थांबतं. एबीएस चाकाला फिरतं ठेवतं, त्यामुळे तो ढीग जमत नाही आणि गाडी थोडी जास्त लांब जाऊन थांबते. स्टिअरिंग हातात राहतं, अंतर वाढतं. म्हणून 'डायव्हर्जन'ची पाटी दिसली की वेग तिथेच अर्धा करावा.

अंतराचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहिला की पुढचं सांगायला सोपं जातं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर. त्यातले सुमारे ९७ किलोमीटर वाशिम जिल्ह्यात आहेत. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून आपण त्यावर चढतो. मोटारीला वेगमर्यादा १२०. या वेगाला गाडी दर सेकंदाला ३३ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ५० मीटर गेलेच. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, एबीएससह थांबायला आणखी सुमारे ७० मीटर. एकूण १२०. हीच गाडी ६० च्या वेगाला असती तर सगळे मिळून ४३ मीटर पुरले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर १२० च्या वेगाचं अंतर १९० मीटरवर जातं. आणि रात्री डिप लाइटचा उजेड पोचतो किती, तर ५०-६० मीटरांच्या आसपास. मागचा दिवा नसलेली ट्रॉली किंवा बंद पडलेला ट्रक त्या उजेडात आला, तर दोन सेकंदांच्या आतच धडक होते. एबीएसला कामाला लागायची संधी जवळजवळ मिळतच नाही.

साचलेल्या पाण्यातून वेगानं गेलं की टायर पाण्यावर तरंगतो, रस्त्याला टेकतच नाही. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकायला असतात. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाली की तो टायर कायद्यानेही बाद. पाऊस लागला की क्रूझ कंट्रोल बंद करावा, पाय स्वतःचाच असू द्यावा. उन्हाळ्यात हवा कमी असलेला टायर तासन्‌तास वेगानं पळून आतून तापतो आणि फुटतो. फुटलेल्या टायरवर कुठलीच सहाय्यक यंत्रणा भरवशाची राहत नाही. चार टायरांतली हवा थंड असताना, निघण्याआधी तपासणं हे एबीएसच्या निम्म्या कामाएवढं आहे, असं मी म्हणेन.

एबीएसच्या पुढची पायरी म्हणजे स्थिरता यंत्रणा. कुणी तिला ईएससी म्हणतं, कुणी ईएसपी, कंपनीगणिक नाव बदलतं. काम एकच. स्टिअरिंग किती फिरवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, यांची ती सतत तुलना करते. दोन्हींचा मेळ बसेनासा झाला, म्हणजे गाडीचं नाक वळणाबाहेर चाललंय किंवा शेपूट बाहेर फेकलं जातंय असं दिसलं, की ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडीला दिशेवर आणते आणि इंजिनचा जोर कमी करते. शेपूट बाहेर जात असेल तर बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक, नाक बाहेर जात असेल तर आतलं मागचं चाक. एकाच चाकाला वेगळा ब्रेक लावणं माणसाला शक्यच नाही, पॅडल एकच असतं.

ही यंत्रणा घराघरात पोचली ती एका जनावरामुळे. स्वीडनच्या रस्त्यांवर एल्क नावाचं प्रचंड हरीण असंच अचानक आडवं येतं, आपल्या रोह्यासारखं. तिथल्या एका मोटार-मासिकानं १९९७ साली, एल्क समोर आला असं मानून गाडी झटक्यात डावी-उजवी काढायची, अशी चाचणी मर्सिडीजच्या नव्या ए-क्लासवर घेतली आणि गाडी उलटली. कंपनीला विक्री थांबवून त्या छोट्या गाडीत सरसकट ईएसपी बसवावी लागली. तोवर ती महागड्या गाड्यांची चैन होती. पुढे अमेरिकेतल्या पाहणीत या यंत्रणेमुळे एकट्याच गाडीचे, म्हणजे घसरून वा उलटून होणारे, जीवघेणे अपघात जवळजवळ निम्म्यानं घटल्याचं दिसलं. अमेरिकेनं २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपनं २०१४ पासून ती नव्या मोटारींना सक्तीची केली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या, गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ही यंत्रणा लागतेच. गाडी घेताना सनरूफच्या आधी हिची चौकशी करा.

तिचा वापर कसा करायचा? काहीच करायचं नाही, फक्त तिला बंद करायचं नाही. घसरत्या गाडीचं चित्र असलेलं एक बटण असतं. चिखलात चाक जागच्या जागी फिरत असेल तर गाडी बाहेर काढायला ते तात्पुरतं बंद करावं लागतं, कारण चाक फिरलं की यंत्रणा इंजिनचा जोर तोडते. गाडी डांबरीवर आली की लगेच चालू करा. चालताना ते चित्र लुकलुकलं तर यंत्रणा काम करते आहे, रस्ता घसरडा आहे, वेग कमी करा. सतत पेटून राहिलं तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे.

मात्र माणसाचा स्वभाव यंत्राला हरवतो. ऐंशीच्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्यात काही गाड्यांना एबीएस होतं, काहींना नव्हतं. अपघातांचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखंच निघालं, कारण एबीएसवाले चालक अधिक जोरात वळणं घेत होते, पुढच्या गाडीला अधिक चिकटून जात होते. यंत्रानं दिलेली सवलत त्यांनी वेगात खर्च करून टाकली. नव्या गाड्यांत आता पुढे अडथळा दिसला की स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणाही येते आहे. तिचा कॅमेरा आणि रडार मुख्यतः गाड्या आणि माणसं ओळखायला शिकवलेले असतात. अंधारात तुरीतून उसळलेला रोही त्यांना दिसेलच, या भरवशावर कुणी राहू नये. आणि एक रोही गेला की लगेच गाडी पळवायची नाही. कळपात मागून दुसरा येतोच. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूला काळवीटही असेच ओळीनं येतात.

मालेगावकडून मेडशी ओलांडून पातूरच्या घाटात उतरताना काही जण अजूनही डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखं कडक होतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. तापलेल्या ब्रेकवर एबीएस असून नसून सारखंच. खालच्या गिअरमध्ये उतरा.

देखभाल फार नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की तापल्यावर त्यात वाफ धरते, पॅडल खाली जातं. बहुतेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गावाकडे ते कमी झालं की वरून थोडं टाकतात, पूर्ण बदलत नाहीत. चाकाजवळच्या सेन्सरवर वाळलेला चिखल बसला किंवा उंदरानं वायर कुरतडली तरी एबीएस बंद पडतं. साधा ब्रेक चालू असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

पत्ता लागायची सोय मात्र गाडीतच आहे. उद्या सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डवर 'एबीएस' अशी अक्षरं पिवळी पेटतील. मोटारीत ती काही सेकंदांत विझतात, दुचाकीत गाडी थोडी पुढे गेल्यावर. पेटलीच नाहीत किंवा विझलीच नाहीत तर त्याच दिवशी मिस्तरीकडे जा. आणि विझली, तर एखाद्या मोकळ्या मैदानात, मागेपुढे कुणी नसताना, पट्टा लावून, चाळीसच्या वेगाला मोटारीचा ब्रेक एकदा पूर्ण जोरानं दाबून पाहा. ती थरथर पायाला आधी माहीत होऊ द्या. घरात गाडी चालवणारं जे कुणी असेल, मुलगी, सून, म्हातारे वडील, त्यांनाही एकदा दाबायला लावा.